लग्नघर आणि महाजाल

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या बाजूस वळली, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. उल्हासनगर ते बदलापूर हे अंतर लोहमार्गाने दहा किलोमीटरांच्या आसपासचे. पण एवढ्याशा पट्ट्यात तीन निराळी गावे, तीन निराळ्या नगरसंस्था आणि लग्न लावण्याच्या कितीतरी निराळ्या रीती नांदत आहेत. उल्हासनगर हे फाळणीनंतर लष्कराच्या कल्याण छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांचे गाव. त्यास हे नाव १९४९ साली मिळाले. अंबरनाथ हे शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील शिवमंदिराचे आणि पुढे कारखान्यांचे गाव. बदलापूर हे उल्हास नदीकाठचे जुने गाव. गेल्या काही दशकांत मुंबईस कामाला जाणाऱ्या कुटुंबांनी ते भरून गेले आहे.

या तिन्ही गावांत एक गोष्ट समान आहे. येथे राहणाऱ्यांपैकी पुष्कळ जण कोठून तरी उठून आलेले आहेत. कोणी सिंधमधून आला, कोणी कोकणातून, कोणी घाटावरून, कोणी दादर-परळच्या चाळीतून. माणूस नव्या गावी येतो तेव्हा भांडीकुंडी बरोबर आणतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांचे उपाध्याय, ठरलेला आचारी, ओळखीचा सोनार आणि हाकेसरशी धावून येणारे भाऊबंद त्याला बरोबर आणता येत नाहीत. ही उणीव एरवी जाणवत नाही. घरात लग्न निघाले, की ती एकदम उघडी पडते.

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. यातला ‘पाहावे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लग्न केल्यावाचून त्यातल्या अडचणी दिसत नाहीत आणि दिसू लागतात तेव्हा वेळ निघून गेलेली असते. पूर्वी ही अडचण अनुभवी माणसाच्या सल्ल्याने भागत असे. आज त्या माणसाची जागा हातातल्या मोबाइलने घेतली आहे. ‘बदलापुरात लग्नासाठी हॉल’ एवढे लिहिले की क्षणार्धात पन्नास नावे पुढे उभी राहतात. मग अडचण कसली? आमच्या मते खरी अडचण येथेच सुरू होते. नावे मिळणे ही गोष्ट वेगळी आणि भरवसा मिळणे ही वेगळी. प्रस्तुत लेखात महाजालावरील साधने लग्नघराने कशी शोधावी, कोणती घ्यावी आणि कोणती सोडावी, याचा विचार करावयाचा आहे.

जुन्या व्यवस्थेचे बळ कशात होते, हे प्रथम पाहू. शेजारचे काका एखादा आचारी सुचवीत, तेव्हा ते केवळ नाव देत नसत. एका परीने त्याला जामीन राहत. जेवण बिघडले तर आचाऱ्याला बोल लागे तसा काकांनाही लागे. म्हणून काका नाव सुचविण्यापूर्वी दहादा विचार करीत. महाजालावर नाव सुचविणारा बहुधा जामीन राहत नाही. त्याला आपले घर ठाऊक नाही, आपल्यालाही तो ठाऊक नाही. पुष्कळदा नाव वर दिसावे म्हणून व्यापाऱ्याने त्यास पैसेही मोजलेले असतात. यावरून एक सोपी कसोटी निघते. कोणतेही साधन हाती आले, की विचारावे: यात सांगितलेले खोटे ठरले तर जाब कोणाला विचारावयाचा? ज्या साधनापाशी या प्रश्नाचे उत्तर आहे ते उपयोगाचे. ज्यापाशी नाही ते फार तर वाट दाखविणारे.

परंतु शोधास बसण्यापूर्वी घरातले काम उरकले पाहिजे. एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: पाहुणे किती, पैसा किती आणि चालण्यासारख्या तारखा कोणत्या. हे तीन आकडे ठरण्याआधी जो मोबाइल उघडतो त्याला मोबाइलच आकडे ठरवून देतो. दोनशे माणसांचे लग्न करावयास निघालेले घर पाचशे माणसांच्या सभागृहाची चित्रे पाहून आपली यादी वाढवू लागते. गरजेने साधन शोधावे. साधन पाहून गरज वाढवू नये. यात जे गमवावयाचे आहे ते काही थोडे नाही. लग्नासाठी काढलेले कर्ज मांडव उतरल्यावरही वर्षानुवर्षे फिटत राहते, आणि ते पुष्कळदा त्या नव्या जोडप्याच्याच संसारातून फिटते.

आता शोध कसा करावा ते पाहू. आपल्या गावांच्या नावांत काही गमती आहेत. ‘बदलापूर’ नावाचे एक गाव उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातही आहे. नुसते नाव लिहिल्यास तेथील मंडपवालेही यादीत येऊन बसतात. अंबरनाथचे इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी केले जाते, आणि एक अक्षर चुकले की शोध थेट अमरनाथच्या यात्रेला निघतो. म्हणून नावापुढे ठाणे जिल्हा लिहावा किंवा त्याहून बरे म्हणजे पिनकोड लिहावा. अंबरनाथचा ४२१५०१, बदलापूरचा ४२१५०३. उल्हासनगरचे पाच कॅम्प, तसे ४२१००१ पासून ४२१००५ पर्यंत पाच पिनकोड. एखाद्या दुकानदाराच्या पानावर ‘कॅम्प चार’ आणि ४२१००२ असे दोन्ही छापलेले दिसले, तर निघण्यापूर्वी फोन करून खुलासा करून घ्यावा. तसेच स्थानकाची पूर्व बाजू की पश्चिम, हे आधीच विचारावे. वऱ्हाडाची धांदल निम्म्याने कमी होते. शोधाचे शब्दही बदलून पाहावेत. ‘हॉल’ म्हटले की एक यादी येते, ‘मंगल कार्यालय’ म्हटले की दुसरी, ‘लॉन’ म्हटले की तिसरी. मराठीत लिहून शोधले असता कधी कधी असे एखादे साधे, संस्थेचे सभागृह सापडते, की ज्याने जाहिरातीवर कधी पैसा खर्च केलेला नाही.

जबाबदारीच्या कसोटीवर पहिला मान शासनाच्या संकेतस्थळांचा. ती देखणी नसतात, कधी कधी उघडावयास वेळ लावतात. परंतु तेथील शब्दाला कायद्याचा आधार असतो. लग्नघरे मात्र ही पाने सर्वांत शेवटी उघडतात. महाराष्ट्रात विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी यांविषयीचा १९९८ चा अधिनियम लागू आहे. त्यानुसार विवाहानंतर नव्वद दिवसांच्या आत विवाहाचे ज्ञापन निबंधकाकडे दाखल करावयाचे असते. त्यावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. प्रत्येक विवाहाची नोंद झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००६ साली बजावले आहे. पारपत्र, बँक, विमा, वारसा अशा कितीतरी ठिकाणी पुढे हाच कागद मागतात.

नोंदणी कोठे करावी हा प्रश्न आपल्या भागात विशेष आहे. उल्हासनगरास महानगरपालिका आहे, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर येथे नगरपरिषदा आहेत, आणि शहराबाहेरच्या रस्त्यांवरील पुष्कळशी शेतघरे व लॉन ग्रामपंचायतींच्या हद्दीत पडतात. ग्रामपंचायत हद्दीतील दाखल्याची सोय राज्याच्या ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर आहे. शहरांसाठी त्या त्या नगरसंस्थेचे संकेतस्थळ किंवा कार्यालय पाहावे. वर एका गावचा, वधू दुसऱ्या गावची आणि कार्यालय तिसऱ्या गावी, असे आपल्याकडे सहज घडते. म्हणून आपली नोंद कोणत्या कार्यालयात होईल आणि कोणते कागद लागतील, हे लग्नाच्या आधी विचारून ठेवावे. वऱ्हाडी पांगल्यावर तीन साक्षीदार पुन्हा गोळा करणे किती कठीण, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक.

ज्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्न करावयाचे आहे, त्यांनी तारखांचे गणित अगोदर मांडले पाहिजे. दोघांपैकी एकाचे तरी नोटिशीपूर्वी निदान तीस दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य असावे लागते. नोटीस लागल्यावर तीस दिवस जावे लागतात, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत विवाह झाला नाही तर ती नोटीस निकामी होते. म्हणजे योजलेल्या तारखेपूर्वी एक महिन्याहून अधिक आणि तीन महिन्यांहून कमी, एवढ्याच अवधीत नोटीस बसली पाहिजे. ही नोटीस देण्याची ऑनलाइन सोय राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आहे. कार्यालयाची अनामत भरून झाल्यावर हे गणित आठवले, तर एक तर तारीख जाते, नाही तर अनामत.

यानंतर मुहूर्त आणि विधी. दाते पंचांग आणि १९७३ पासून घरोघरी टांगले जाणारे कालनिर्णय ही दोन्ही आता महाजालावरही आहेत. येथेही साधन कोठले आहे ते पाहावे. उत्तरेकडील पुष्कळ संकेतस्थळे पौर्णिमान्त महिना धरतात, आपण अमान्त धरतो. त्यामुळे आपला माघ वद्य पक्ष त्यांच्या लेखी फाल्गुनात पडतो. तिथी तीच, महिन्याचे नाव निराळे. तीच गोष्ट वेळेची. सूर्योदय गावागणिक बदलतो, तेव्हा काशीच्या सूर्योदयावर काढलेली वेळ बदलापूरच्या मांडवात जशीच्या तशी लावता येत नाही. ज्यांना मुहूर्ताची बांधिलकी मानावयाची नाही त्यांना तर मोठाच लाभ आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्ताच्या दिवशी कार्यालये भरून जातात. बिनमुहूर्ताच्या दिवशी तेच कार्यालय मिळणेही सोपे आणि भावाची घासाघीस करणेही सोपे. ज्यांना पुरोहितावाचून, साधेपणाने विधी करावयाचा आहे त्यांच्यासाठीही साहित्य आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच वर्षी त्या पद्धतीने विवाह लागला. त्या पद्धतीच्या मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक १८८७ साली निघाले. फुले यांचे समग्र वाङ्मय आज महाजालावर वाचावयास मिळते. उपाध्याय बोलवावा की बोलवू नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. परंतु विधीचा अर्थ समजून घेण्याची सोय आता प्रत्येकास आहे, हे काय थोडे झाले?

आता बाजाराकडे वळू. येथे महाजालाचा गजबजाट सर्वांत मोठा आणि जबाबदारी सर्वांत विरळ. लग्नाच्या व्यवस्थेसाठीच काढलेली संकेतस्थळे आहेत, गूगलचा नकाशा आहे, इन्स्टाग्रामवर सजावटकार आणि छायाचित्रकार यांची पाने आहेत. यांचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. भावाचा अंदाज यावा, चार नावे हाती लागावीत, एवढ्यापुरती ती उत्तम. परंतु तेथील अभिप्राय वाचण्याची एक रीत आहे. ‘फार छान’, ‘उत्तम सेवा’ अशा एकाच दिवशी पडलेल्या दहा ओळी सोडून द्याव्यात. ज्यात तपशील आहे तो अभिप्राय वाचावा: पाणी पुरले का, वीज गेल्यावर जनित्र होते का, ठरलेल्या रकमेवर मागाहून काय चढविले. तक्रारीखाली मालकाने काय उत्तर दिले आहे, हेही पाहावे. उत्तरावरून माणूस कळतो. खोटे अभिप्राय हा विषय इतका वाढला, की भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक स्वतंत्र मानक काढले. सजावटीची छायाचित्रे कोणाची आहेत, हेही तपासता येते. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय मोबाइलमध्ये आहे. अंबरनाथच्या मांडवाचे म्हणून दाखविलेले चित्र जयपूरच्या राजवाड्याचे निघाले, तर त्या माणसाशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

याच बाजारात काही गोष्टींना मात्र खरोखरीचे जामीन आहेत आणि ते महाजालावरच भेटतात. आचाऱ्याकडे किंवा केटररकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असावा लागतो. तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. सोन्याच्या हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असणे बंधनकारक आहे. मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो घातला की दागिन्याची शुद्धता कळते. बिलावर जीएसटी लावणाऱ्याचा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर शोधता येतो. ही तीन कामे पाच मिनिटांची आहेत आणि त्यांस पैसा पडत नाही. आश्चर्य हे, की मेंदीचे नक्षीकाम निवडण्यात घर आठ दिवस घालविते आणि या पाच मिनिटांना त्यास सवड होत नाही.

जेथे जामीन नाही तेथे पाय हेच साधन. या बाबतीत आपला भाग भाग्यवान आहे. उल्हासनगरचा फर्निचर बाजार, गजानंद मार्केट आणि जपानी बाजार ही कापडाची ठिकाणे अंबरनाथ-बदलापूरकरांना लोकलने काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. पडद्यावर रंग एक दिसतो आणि हातात दुसरा येतो. शालूचा पोत तर हाताला लागल्यावाचून कळतच नाही. सिंधी व्यापाऱ्याने येथे शून्यातून बाजार उभा केला तो गिऱ्हाईक पुन्हा यावे या हिशोबाने. त्याच्या दुकानात उभे राहून केलेली घासाघीस घरबसल्या मागविलेल्या पार्सलाशी होत नाही. तेव्हा मोबाइलवर भाव पाहावा आणि बाजारात माल पाहावा. कार्यालयाच्या बाबतीतही तेच. दिवसा एकदा जावे आणि तेथे दुसऱ्या कोणाचे लग्न चालू असताना एकदा जाऊन बाहेरून पाहावे. गाड्या कोठे लागतात, पंगतीची गर्दी कशी आवरतात, हे कोणत्याच संकेतस्थळावर लिहिलेले नसते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यास २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. ‘आमच्याकडे चालते’ असे सांगणाऱ्या मालकाचे इतर शब्दही त्याच तराजूत तोलावेत.

पैशाचा व्यवहार हे या साऱ्याचे मर्म आहे. अनामत रक्कम देण्यापूर्वी तारीख, वेळ, ताटाचा भाव, ताटांची किमान संख्या आणि लग्न पुढे ढकलले तर परत किती मिळणार, हे लिहून घ्यावे. निदान संदेशातून तरी कबूल करवून घ्यावे. पैसे व्यवसायाच्या खात्यात द्यावेत आणि पावती मागावी. पैसे परत देतो असे सांगून कोणी क्यूआर कोड पाठविला आणि पिन घालावयास सांगितला, तर तेथेच थांबावे. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नव्हे. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि ग्राहकांच्या तक्रारींसाठी १९१५ हे राष्ट्रीय क्रमांक आहेत. १९३० वर जितक्या लवकर कळवावे तितका रक्कम अडवून धरण्याचा संभव अधिक.

निमंत्रणाविषयी दोन शब्द. मोबाइलवरची पत्रिका स्वस्त आहे, क्षणात पोहोचते आणि बदल कळविणेही सोपे. परंतु २०२४ साली लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके जातीची फाईल पाठवून मोबाइलचा ताबा घेण्याचे प्रकार उघडकीस आले आणि पोलिसांना त्याबद्दल इशारे द्यावे लागले. म्हणून आपली पत्रिका साध्या चित्राच्या रूपाने पाठवावी, आणि दुसऱ्याची अनोळखी फाईल उघडू नये. घराचा पूर्ण पत्ता असलेली पत्रिका सर्वांसाठी खुली ठेवणे म्हणजे त्या दिवशी घराला कुलूप असणार, अशी दवंडी पिटणे होय. त्यापेक्षा कार्यालयाचा नकाशा आणि गाड्यांची वेळ पाठवावी. आपले बहुतेक पाहुणे लोकलने येणार. रविवारी मध्य रेल्वे दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेते. आदल्या दिवशी त्याची सूचना पाहून ती पाहुण्यांना कळविली, तर अक्षता वेळेवर पडतील. एम-इंडिकेटरसारखे ॲप लग्नाचे म्हणून कोणी मोजत नाही. परंतु येथल्या लग्नात त्याचा उपयोग सजावटीच्या शंभर चित्रांहून अधिक.

शेवटी घरातल्या माणसांविषयी. महाजालावरील शोध बहुधा तरुण मुलेमुली करतात आणि पैसा बहुधा आईवडील देतात. एकाच्या हाती माहिती आणि दुसऱ्याच्या हाती खर्च, अशी फाटाफूट झाली की कुरबुर सुरू होते. यास साधा उपाय आहे. खर्चाची एकच वही ठेवावी. ती मोबाइलवर सर्वांना दिसेल अशी असावी आणि ज्यांना मोबाइलची सवय नाही त्यांच्यासाठी दर रविवारी वाचून दाखवावी. वधूकडचे आणि वराकडचे दोघेही ती पाहू शकले तर आणखी बरे. हुंडाप्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांनी वधूवरांना मिळालेल्या भेटवस्तूंची यादी ठेवण्यास सांगितले आहे; ती यादीही याच वहीत बसते. उघडा हिशोब असलेल्या घरात मागणी करणाऱ्याची जीभ जरा अडखळते.

तात्पर्य इतकेच, की महाजालाने आपल्याला हजार वाटाडे दिले. जामीन राहणारा काका दिला नाही. तो आपणच निर्माण करावयाचा आहे. एखाद्या आचाऱ्याने चोख काम केले, एखाद्या कार्यालयाने शब्द पाळला किंवा मोडला, तर आपले लग्न उरकल्यावर चार ओळी तपशिलाने, खऱ्या भावासह, लिहून ठेवाव्यात. अंबरनाथच्या एखाद्या घरी पुढल्या वर्षी लग्न निघेल, तेव्हा त्या चार ओळी त्यांच्या उपयोगी पडतील. नव्या गावात शेजार असाच वाढत जातो.